अप्पा गाडीतून उतरत नाहीत

"हा माणूस कोण आहे गं?" माईंनी पुढे वाकून माझ्या कानात विचारलं. कानात म्हणजे आपली त्यांची समजूत. सगळ्यात मागे सामानाच्या ढिगाऱ्यात बसलेल्या आमच्या लेकीला, ठमीलाही ते स्वच्छ ऐकू गेलं. आणि ज्यांच्याबद्दल विचारत होत्या ते तर त्यांना खेटूनच बसले होते.

"कोणता माणूस, माई?"

"हाच. मघापासून बघतेय. पांघरूण काय देतो, काच काय वर करतो. त्याला म्हणावं, जरा सरकून बस."

अप्पा सरकून बसले. माईंबरोबर एवढा संसार केलेला माणूस, पण पार दारापर्यंत सरकले आणि बाहेर बघायला लागले.

गाडी माझा नवरा चालवत होता. त्याचे कान लाल झाले. त्याच्या मनाला लागलं की कान लाल होतात, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

"माई, ते अप्पा आहेत," तो म्हणाला.

"तुझे अप्पा ड्युटीवर आहेत," माई ठासून म्हणाल्या. "एवढं समजतं मला."

ही सहल मला मुळात मान्यच नव्हती, हे आधीच सांगून टाकते. दर हिवाळ्यात आम्ही तिघं चार दिवस वर बर्फात जातो. ठमीला स्कीइंगचं वेड आहे आणि नवऱ्याला ठमीचं. मी आपली हॉटेलच्या गरम खोलीत पडून राहते. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसून वर्षभर घाबरलेल्या माणसांशी गोड बोलत असते, तेवढे चार दिवस कुणाशी गोड बोलावं लागत नाही. त्या दिवसांत नणंद घरी येऊन राहायची आणि माई-अप्पांकडे बघायची. यंदा अप्पा एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "यंदा आम्हालापण न्या."

अप्पा स्वतःसाठी कधी काही मागत नाहीत. त्यांच्या ताटात काय वाढलंय याकडेही लक्ष नसतं. त्यामुळे मी गॅस बंद करून नीट ऐकायला उभी राहिले.

"डॉक्टर म्हणालेत नवीन जागी नेऊ नका. घरातलं घरात त्या चुकतात, अप्पा."

"माहितीये."

"थंडी बाधली म्हणजे?"

"मला तिला एकदा बर्फात चालवायचंय," ते म्हणाले. "हात धरून. बाकी काही नाही. आत्ता मी तिला कधी ओळखू येतो, कधी येत नाही. पुढच्या हिवाळ्याला मुळीच येणार नाही. मग कुणी नेलं काय आणि कुणी नाही काय."

मी गॅस परत पेटवला आणि नवऱ्याला मोठी गाडी भाड्याने बघायला सांगितलं.

अप्पांची सगळी नोकरी त्याच रस्त्यावर गेली. खालच्या गावातून वर बर्फाच्या मैदानापर्यंत जी बस जाते, तिच्यावर ते ड्रायव्हर होते. टपावर लोकांच्या स्की बांधलेल्या, आत पोरंबाळं, टोप्या, गाणी. दुसऱ्यांच्या सहली त्यांनी जन्मभर वर नेल्या आणि खाली आणल्या. ड्रायव्हरच्या घरच्यांना पास मिळायचा, पण तो उन्हाळ्यात. हिवाळ्यात सगळ्या जागा सहलीवाल्यांच्या. उन्हाळ्यात वर जाऊन काय दगड बघायचे? मग पुढच्या वर्षी काहीतरी जमवू, असं ते म्हणत राहिले, आणि माई हो म्हणत राहिल्या.

त्यांचं घर शेवटच्या वळणाच्या कोपऱ्यावर होतं. तिथून पुढे चढ लागायचा. बस कोपऱ्यावर आली की अप्पा दोनदा हॉर्न मारायचे, छोटे. माई चहाचा थर्मास घेऊन धावत यायच्या, टाचा उंचावून तो खिडकीतून वर द्यायच्या. मूळचीच ठेंगणी बाई ती. मग एक लांब हॉर्न, की गाडी सुटली. माई बाजूला सरून, गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत उभ्या राहायच्या. अर्धा संसार त्या खिडकीतून झाला. पोराला ताप आहे, गॅस संपलाय, तुमच्या बहिणीचा फोन आला होता, सगळं तिथेच सांगून व्हायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा अप्पांच्या नोकरीची शेवटची वर्षं चालू होती. त्या दिवसांत एकदा दोघांचं कशावरून तरी बिनसलं, तर ते भांडणसुद्धा रोज थोडं थोडं त्या खिडकीतूनच चाललं होतं. बसमधली माणसं दुसऱ्या दिवशी पुढचं ऐकायला पुढच्या सीटा धरत असतील, असं मी नवऱ्याला म्हणाले, तर तो रागावला होता.

आणि गंमत म्हणजे, वर पोचल्यावर अप्पा स्वतःही कधी बर्फात गेले नाहीत. गाडी वळवायची, स्टिअरिंगवर डोकं टेकून डुलकी काढायची, परत निघायचं. बुटाचा तळ ओला झाला की ब्रेकवरून पाय सरकतो. मागे माणसं भरलेली आणि पुढे उतार. म्हणून ड्रायव्हरने बूट कोरडे ठेवायचे, हा त्यांचा नियम. तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. आता एका डोळ्याने नीट दिसत नाही, लायसन परत करून टाकलंय, तरी घरात फरशी ओली असली तर पायपुसण्यावर थांबतात आणि तळवे पुसून पुढे जातात.

तर असे आम्ही पाच जण भाड्याच्या उंच व्हॅनमधून निघालो होतो.

चढ लागायच्या आधी नाका आहे. तिथे गाड्या अडवून सांगत होते, वर रस्ता गोठलाय, चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय सोडणार नाही. नवरा साखळ्या घेऊन खाली उतरला. साखळी बांधताना गाडी जराशी पुढे घ्यावी लागते, म्हणून त्याने अप्पांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "मी सांगेन तेवढीच घ्या," म्हणाला. अप्पांनी गाडीतल्या पायपुसण्यावर बूट पुसले आणि वर चढून बसले. मी माईंना नाक्याच्या मागे बाथरूमला घेऊन गेले. सकाळपासून त्यांनी चहाचा थर्मास पोटाशी धरला होता. बाथरूममध्येही तो मला एका हातात धरायला लागला, आणि दुसऱ्या हाताने त्यांचे कपडे. असो.

परत आलो तर माई रस्त्यातच थबकल्या.

अप्पांनी काच खाली केली होती. कोपर खिडकीवर टेकवून, मान बाहेर काढून ते मागचं चाक बघत होते. माईंनी माझा हात सोडला. सरळ चालत खिडकीखाली गेल्या, टाचा उंचावल्या आणि थर्मास वर केला.

"अहो, घ्या. आज किती उशीर केलात."

अप्पांनी खाली बघितलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. त्यांनी थर्मास घेतला, पण आवाज एकदम नेहमीचा निघाला. "चढावर ट्रक अडकला होता."

"मफलर कुठेय?"

"आहे."

"आहे तर घाला की. नुसता ठेवून काय ऊब येते?" माई म्हणाल्या. "आणि ऐका, पोराला सर्दी झालीय. सारखा शिंकतोय. येताना काहीतरी औषध आणा."

पोरगा चाकापाशी गुडघ्यांवर बसला होता, हातात साखळी, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले. कितीतरी महिन्यांत माई इतकं सलग, इतकं सरळ बोलल्या नव्हत्या. मग त्याला राहवलं नाही. "अप्पा, उतरा ना," तो म्हणाला. "ओळखलंय तिने. या ना खाली. तिच्याजवळ या."

अप्पाही भुलले. त्यांच्या बाजूचं दार माईंना लागेल म्हणून दुसऱ्या दाराने उतरले, आणि कधी घाई न करणारा तो माणूस गाडीला वळसा घालून जवळजवळ धावतच आला.

माई दोन पावलं मागे सरकल्या आणि माझ्या पाठीशी लपल्या. मग रिकाम्या खिडकीकडे बघितलं.

"हे कुठे गेले?"

"माई, हे काय, समोर उभे आहेत."

"आत्ता होते. गाडी सोडून कुठे गेले? ते गाडी सोडून कधी जात नाहीत." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग अप्पांच्या हातातला थर्मास दिसला. पुढे होऊन त्यांनी तो ओढून घेतला. "हा माझ्या नवऱ्याचा आहे," त्या म्हणाल्या.

वरपर्यंतच्या रस्त्यात साखळ्यांचा खडखडाट तेवढा चालू होता. एकदा नवरा म्हणाला, "माझंच चुकलं." मी म्हणाले, "गाडीकडे लक्ष दे." मागच्या सीटवर अप्पा दाराला टेकून बसले होते आणि माई मधूनच काचेतून पुढचा रस्ता बघत होत्या. बस पुढे गेलीय आणि आपण तिच्या मागे आहोत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली असावी.

वर पोचल्यावर बूट भाड्याने घ्यायच्या दुकानात गेलो. बर्फातले बूट घालणं म्हणजे एक वैताग असतो. ठमी तिचे घालून मोकळी झाली, मी माझ्या दोऱ्यांशी झटापट करत बसले. अप्पांनी आधी माईंसाठी बूट निवडले, मग स्वतःसाठी. स्वतःचे घालून झाल्यावर ते माईंसमोर खाली बसले, त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं आणि दोऱ्या ओवायला लागले. माईंनी पाय निवांत पुढे केला. दुकानातला माणूस समजल्या त्यांना.

"फार घट्ट नको हो," माई म्हणाल्या.

"नाही. अंगठा हलतोय का बघा."

"हलतोय." मग माझ्याकडे वळून, "बरा माणूस आहे हा. नाहीतर हल्ली दुकानात कुणी एवढं करत नाही." अप्पा खाली मान घालून दोरी ओढत होते. माईंना त्यांच्याशी बोलावंसं वाटलं. "आमचे हे इकडच्याच बसवर आहेत. ओळखत असाल तुम्ही."

"ओळखतो."

"मला बर्फ दाखवणार आहेत. कधीचं कबूल केलंय. पण जमतच नाही त्यांना. माणूस सोन्यासारखा आहे हो, पण गाडीतून उतरतच नाही. वर येतात, गाडी वळवतात, परत खाली."

"काही अडचण असेल त्यांची," अप्पा म्हणाले.

"बूट ओले होतात म्हणे." माई हसल्या. "आता तुम्ही बुटांच्या धंद्यातले. तुम्हीच सांगा, बूट वाळत नाहीत का?"

अप्पांनी दोरीची गाठ मारली. ती सोडून परत मारली. मग म्हणाले, "वाळतात."

मला तिथे बसवेना. एक बूट पायात, एक हातात, तशीच मी दुकानाबाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. आतून ठमी विचारत होती, आईला काय झालं. नवरा म्हणाला, बूट लागला.

दुसऱ्या दिवशी छान ऊन पडलं होतं. ठमी तिच्या स्कीइंगच्या शिक्षकाबरोबर लिफ्टने वर गेली. मैदानाच्या कडेला रस्ता संपतो, तिथे गाडी उभी केली. अप्पा दाढी करून, मफलर नीट गुंडाळून तयार होते. भाड्याचे बूट रस्त्यावर आपटून बघत होते. मुलगी बघायला निघालेल्या माणसासारखे दिसत होते, आणि मला हसू येत होतं. ते माईंपुढे गेले आणि हात पुढे केला.

"चल," म्हणाले. "बर्फ बघायला जाऊ."

माईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तुम्ही कोण?"

"माझ्याबरोबर चल. पडू देणार नाही मी तुला."

"अगं, ह्यांना सांग ना," माई मला म्हणाल्या. "परक्या माणसाचा हात कशाला धरू मी?"

"बरं, माझा धरा. आपण दोघी जाऊ," मी म्हणाले.

माईंनी मैदानाकडे बघितलं. पांढरं स्वच्छ, त्यावर पोरं घसरतायत, पडतायत. त्यांचे डोळे नुसते चमकत होते. रस्त्याच्या कडेपर्यंत गेल्या, बुटाचं टोक बर्फाला लावलं, आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"नको."

"का, माई? थंडी वाजतेय?"

"ह्यांनी न्यायचं कबूल केलंय मला. मी दुसऱ्याच कुणाबरोबर आधी जाऊन आले तर त्यांना वाईट वाटेल. बोलायचे नाहीत, पण वाटेल. ते आले की जाईन."

माझ्या नवऱ्याने तोंड फिरवलं. कान लाल. अप्पा तसाच हात पुढे धरून उभे होते. मग तो हात त्यांनी खाली घेतला. नवऱ्याकडे जाऊन म्हणाले, "किल्ली दे."

"अप्पा, तुम्हाला चालवायची परवानगी..."

"चालवत नाही. नुसता बसतो."

ते गाडीत चढले. दार लावलं, काच खाली केली, कोपर बाहेर काढलं. दोनदा हॉर्न मारला. छोटे.

माई ज्या वेगाने वळल्या, त्या वयात माणसाने तसं वळू नये. मी धरायच्या आत खिडकीखाली पोचल्या होत्या. थर्मास हॉटेलमध्ये राहिला होता. रिकामे हात बघून त्या खट्टू झाल्या. "अहो, आज चहा नाही आणला. मी घरी नव्हते ना. ही मला इकडे घेऊन आली."

"असू दे. प्यायलोय मी," अप्पा वरून म्हणाले. "तू बर्फ बघितलास का?"

"तुमच्याशिवाय कशी बघू?"

नवरा माझ्या शेजारी उभा होता. त्याचं एक पाऊल पुढे पडलं, मी त्याची बाही पकडून ठेवली. पण त्याची गरज नव्हती. काल नाक्यावर काय झालं ते अप्पा विसरले नव्हते. उतरले की संपलं. त्या सीटवर आहेत तोवरच ते तिचे होते.

"माझी ड्युटी आहे गं," अप्पा म्हणाले. "मला नाही उतरता येत. तू जा सुनेबरोबर. मी सांगतोय ना, जा. मी इथून बघतो."

"वाईट नाही ना वाटणार तुम्हाला?"

"नाही."

"बूट ओले होतात म्हणून ना?" माई हसल्या. "माहितीये मला."

मग त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही गेलो. पहिलं पाऊल आत रुतलं तेव्हा त्या माझ्या दंडाला लोंबकळल्या. मग सुटल्या. चार पावलं गेल्या, थांबल्या, मागे वळून गाडीकडे बघितलं. अप्पांनी खिडकीतून हात वर केला. परत चार पावलं, परत वळून बघितलं, परत हात. असं करत करत आम्ही पार मधोमध गेलो. तिथे त्या फसकन खाली बसल्या आणि इतक्या हसल्या की जवळची पोरं थांबून बघायला लागली. त्यांना एवढं हसताना मी आमच्या घरात कधी बघितलं नव्हतं. आणि ज्याने बघायला हवं होतं तो माणूस तिकडे लांब खिडकीत बसला होता. त्याच्या एका डोळ्याला यातलं काय दिसत होतं, देव जाणे.

उठताना त्यांनी बर्फाचा एक गोळा हातात घेतला. टाका तो, हात गारठतील, म्हणून मी मागे लागले, पण ऐकतील तर शपथ. हातमोज्यांत धरून, जपून, गाडीपर्यंत घेऊन आल्या. टाचा उंचावल्या. गोळा वर केला.

"घ्या. तुम्ही उतरत नाही म्हणून आणला."

अप्पांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि तो घेतला.

"कसा होता बर्फ?" त्यांनी विचारलं.

"फार छान. पण तुम्ही हवे होता." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "जा आता. माणसं खोळंबली असतील. उशीर होईल तुम्हाला."

व्हॅनमध्ये दुसरं कुणी नव्हतं. माई सवयीने बाजूला सरून उभ्या राहिल्या, गाडी सुटायची वाट बघत. अप्पांना ते कळलं. गोळा एका हातात घेतला, दुसऱ्या हाताने हॉर्न दाबला. एकच, लांब.

गाडी जागची हलली नाही. पण माईंनी हात हलवला. त्यांची नजर हळूहळू अप्पांवरून सरकली, रस्त्यावर आली, रस्त्याने जात जात त्या लांबच्या वळणापर्यंत गेली आणि तिथे थोडी थांबली.

"गेले," त्या मला म्हणाल्या, आणि माझा हात धरून परत बर्फाकडे निघाल्या.

मी मागे वळून बघितलं. अप्पा तसेच बसले होते. भाड्याचे बूट पेडलवर, कोरडे ठणठणीत. मुठीतला बर्फ वितळून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि ते हात उघडत नव्हते.